‘अ’, ‘ॲन’ की ‘द’? मराठीत नसलेले हे तीन छोटे शब्द इंग्रजी बोलताना इतका घोळ का घालतात?

भारताच्या राज्यघटनेतला ५२ वा अनुच्छेद जेमतेम एका ओळीचा आहे. भारताला एक राष्ट्रपती असेल, एवढंच तो सांगतो. इंग्रजी मसुद्यात तिथे ‘अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया’ असे शब्द आहेत. लगेच पुढच्या, म्हणजे ५३ व्या अनुच्छेदात संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे असेल असं म्हटलं आहे. पण आता शब्द बदलले. ‘अ प्रेसिडेंट’ऐवजी तिथे ‘द प्रेसिडेंट’ आलं आणि त्यापुढे ते तसंच राहिलं.

उपराष्ट्रपतींच्या बाबतीतही हेच घडतं. ६३ व्या अनुच्छेदात ‘अ व्हाइस प्रेसिडेंट’, तर ६४ व्यात ‘द व्हाइस प्रेसिडेंट’.

पद तेच आणि देशही तोच. मग एका ओळीत हा बदल का झाला? या प्रश्नाचं उत्तर कळलं, तर शाळेत पाठ केलेले आणि नंतर विसरलेले आर्टिकल्सचे निम्मे नियम पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

आर्टिकल म्हणजे नेमकं काय?

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या तीन शब्दांना इंग्रजीत आर्टिकल्स म्हणतात. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत त्यांना ‘उपपदं’ असं नाव आहे. पहिली दोन अनिश्चित, तिसरं निश्चित. शाळेत पहिल्या उपपदाचा उच्चार आपण ‘ए’ असा करतो, पण ते त्या अक्षराचं नाव झालं. बोलण्याच्या ओघात तो शब्द बहुतेक वेळा ‘अ’ असाच येतो.

‘द’ हा इंग्रजीत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द आहे. म्हणजे जो शब्द इंग्रजीत सगळ्यात जास्त लागतो, त्याला मराठीत थेट प्रतिशब्दच नाही. हिंदी, संस्कृत, रशियन, जपानी आणि चिनी या भाषांतही अशी उपपदं नाहीत. त्यामुळे या भाषा बोलणारे लोक इंग्रजी शिकताना इथे हमखास अडखळतात.

मराठी माणसाला ही कल्पना खरंच नवी आहे का?

अजिबात नाही. शब्द नसला, तरी त्यामागचा विचार मराठीत रोज होतो. ही दोन वाक्यं पाहा.

‘आम्ही सून शोधतोय.’
‘आम्ही सुनेला शोधतोय.’

पहिल्या वाक्यात घरात लग्नाचा मुलगा आहे. दुसऱ्या वाक्यात सून जत्रेत हरवली आहे! फरक फक्त एका ‘ला’चा. पहिली सून कोण, हे अजून कुणालाच माहीत नाही. दुसरी कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

इंग्रजी हाच फरक आर्टिकलने दाखवते. ‘ड्रायव्हर शोधतोय’ म्हणजे ‘लुकिंग फॉर अ ड्रायव्हर’. ‘ड्रायव्हरला शोधतोय’ म्हणजे ‘लुकिंग फॉर द ड्रायव्हर’.

याशिवाय मराठीत ‘एक’ आणि ‘तो, ती, ते’ हेही मदतीला असतात. ‘एक राजा होता. तो राजा फार लहरी होता.’ आजीच्या गोष्टीतल्या या दोन वाक्यांत ‘अ किंग’ आणि ‘द किंग’ दोन्ही आहेत. ‘अ’ आणि ‘ॲन’ हे मुळात जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या शब्दापासूनच आले आहेत. ‘द’ आला आहे ‘तो, ती, ते’ अशा अर्थाच्या दर्शक शब्दापासून. भाषांच्या वंशावळीत तो संस्कृतमधल्या ‘तद्’चा आणि म्हणून आपल्या ‘तो’चा दूरचा नातेवाईक लागतो.

मग अडचण कुठे येते? मराठीत हे शब्द गरजेपुरते वापरले तरी चालतं. ‘पुस्तक आण’ म्हटलं की कुठलं पुस्तक, हे ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजी ही मोकळीक देत नाही. तिथे दरवेळी सांगावंच लागतं, की कुठलंही एक पुस्तक की ते ठरलेलं पुस्तक.

‘द’ कधी लावायचा?

इथे एकच प्रश्न विचारायचा. ‘मी कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय, हे ऐकणाऱ्याला कळेल का?’

बोलणाऱ्याला माहीत असणं पुरेसं नाही. ऐकणाऱ्यालाही कळायला हवं. ‘काल मी अ मूव्ही पाहिला’ असं सांगताना तुम्हाला सिनेमाचं नाव पक्कं माहीत असतं. समोरच्याला ते माहीत नसतं, म्हणून ‘अ’. पुढच्या वाक्यात त्याच सिनेमाबद्दल बोलताना मात्र ‘द मूव्ही’, कारण आता दोघांनाही माहीत आहे. राज्यघटनेतही हेच झालं. ५२ व्या अनुच्छेदाने पदाची ओळख करून दिली आणि ५३ व्याने त्या ओळखीच्या पदाबद्दल बोलायला सुरुवात केली.

ऐकणाऱ्याला कळण्याचे साधारण चार मार्ग असतात.

एक, आधी उल्लेख झालेला असतो. वरचा सिनेमा हे त्याचं उदाहरण.

दोन, प्रसंगावरून समजतं. ‘क्लोज द डोअर’ म्हटल्यावर कुणी शेजाऱ्याचं दार लावायला जात नाही. यातच आणखी एक प्रकार येतो. ‘वी टुक अ बस टू सातारा. द ड्रायव्हर वॉज व्हेरी यंग.’ ड्रायव्हरचा आधी उल्लेख नाही, तरीही ‘द’ आलं. कारण बस म्हटली की तिला ड्रायव्हर असणार, हे गृहीत आहे. तसंच लग्न म्हटलं की ‘द ब्राइड’ आणि घर म्हटलं की ‘द किचन’.

तीन, वर्णन सोबत जोडलेलं असतं. ‘द मॅन हू कॉल्ड यू यस्टरडे’, म्हणजे काल तुम्हाला फोन करणारा माणूस. या वर्णनाने माणूस ठरला.

चार, ती गोष्ट एकच असते. ‘द सन’, ‘द प्राइम मिनिस्टर’. ‘द फर्स्ट’, ‘द लास्ट’, ‘द बेस्ट’, ‘द टॉलेस्ट’ हेही याच कारणाने. सगळ्यात उंच म्हटलं की एकच उरणार.

ऐकणाऱ्याला माहीत नसेल तर?

मग दुसरा प्रश्न विचारायचा. ‘ही गोष्ट मोजता येते का आणि ती एकच आहे का?’

दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागतो. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम सहसा एकटं फिरत नाही. त्याच्याआधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘दिस’ असं काहीतरी हवंच. मराठी माणसाची नेहमीची चूक इथेच होते. ‘ती शिक्षिका आहे’, ‘मी इंजिनियर आहे’ यांचा शब्दाला शब्द अनुवाद करून ‘शी इज टीचर’, ‘आय ॲम इंजिनियर’ असं म्हटलं जातं. बरोबर वाक्यं आहेत ‘शी इज अ टीचर’ आणि ‘आय ॲम ॲन इंजिनियर’. नोकरीच्या अर्जात पहिल्याच ओळीत ही चूक दिसली, तर पुढची पदवी वाचण्याआधीच अर्जदाराच्या इंग्रजीबद्दल मत तयार होऊ शकतं.

गोष्टी अनेक असतील किंवा मोजता येत नसतील, तर काहीच लावायचं नाही. ‘फार्मर्स नीड वॉटर.’ शेतकऱ्यांना पाणी लागतं. इथे ठरावीक शेतकरी नाहीत आणि ठरावीक पाणीही नाही. पण ‘द फार्मर्स नीड द वॉटर’ म्हटलं, की कुठल्यातरी गावचे ठरावीक शेतकरी आणि कुठल्यातरी धरणाचं ठरावीक पाणी डोळ्यांसमोर येतं.

मोजता येण्याच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजीचा हिशेब सगळीकडे जुळत नाही. मराठीत ‘एक बातमी’, ‘एक सल्ला’ आणि ‘दोन कामं’ असतात. इंग्रजीत ‘न्यूज’, ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ आणि ‘लगेज’ हे शब्द मोजता न येणारे आहेत. ‘काम’ या अर्थाचा ‘वर्क’ही त्यातलाच. म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ किंवा ‘सम ॲडव्हाइस’ बरोबर. ‘मला एक काम आहे’ हे सांगताना ‘आय हॅव अ वर्क’ नको. ‘आय हॅव सम वर्क’ म्हणायचं.

‘अ’ की ‘ॲन’? देवनागरीची मदत घ्या

शाळेत बहुतेकांनी एक नियम पाठ केलेला असतो, की ए, ई, आय, ओ, यू या स्वरांआधी ‘ॲन’. हा नियम अर्धवट आहे. खरा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. इथे मराठी वाचकाकडे एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे देवनागरी लिपी. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराबाबत अनेकदा फसवतं. देवनागरी बऱ्याच अंशी जसा उच्चार तशी लिहिली जाते.

शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’.

‘युनिव्हर्सिटी’चं स्पेलिंग ‘यू’ने सुरू होतं, पण देवनागरीत ‘य’ येतो. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताला ‘अ युनियन ऑफ स्टेट्स’ म्हटलं आहे, तेही याच कारणाने. ‘वन-डे’चं स्पेलिंग ‘ओ’ने सुरू होतं, उच्चार ‘व’ने. म्हणून ‘अ वन-डे मॅच’. उलट ‘अवर’ म्हणजे तास. स्पेलिंगमध्ये आधी ‘एच’ आहे, पण उच्चारात नाही. म्हणून ‘ॲन अवर’. ‘ऑनेस्ट’चंही तसंच.

संक्षेपांना हाच नियम लागतो. ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एसएमएस’. पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’ आणि ‘अ यूट्यूब चॅनल’. उच्चार बदलला की उपपदही बदलतं. पाकात वापरायच्या वनस्पतीला ब्रिटिश लोक ‘हर्ब’ म्हणतात, म्हणून ‘अ हर्ब’. अमेरिकन लोक ‘अर्ब’ म्हणतात, म्हणून ‘ॲन अर्ब’.

या युक्तीत दोन ठिकाणी जपायला हवं. मराठी बोलण्यात ‘ए’चा ‘ये’ होतो. आपण ‘एक’ लिहितो आणि ‘येक’ म्हणतो. त्यामुळे ‘एमए’चा उच्चार ‘येमे’ झाला, तरी इंग्रजीत तो स्वरच धरायचा. दुसरं म्हणजे ‘इयर’. कान आणि वर्ष या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द आपण देवनागरीत सारखेच लिहितो. मूळ इंग्रजीत वर्षाच्या शब्दाआधी ‘य’चा उच्चार आहे, कानाच्या नाही. म्हणून वर्षाला ‘अ’ आणि कानाला ‘ॲन’.

‘द’चा उच्चारही असाच बदलतो. व्यंजनाआधी ‘द’, स्वराआधी ‘दि’. ‘द बुक’, पण ‘दि ॲपल’. लिहिताना मात्र स्पेलिंग एकच.

नावांना ‘द’ लावायचा का?

इथे थोडं पाठांतर लागतं, पण त्यातही एक संगती आहे. माणसं, गावं, राज्यं आणि बहुतेक देश यांच्या नावांना ‘द’ लागत नाही. पुणे, महाराष्ट्र, इंडिया. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना लागतो. ‘द गोदावरी’, ‘दि अरेबियन सी’, ‘द सह्याद्रीज’. एकट्या शिखराला किंवा तळ्याला मात्र नाही. म्हणून नुसतं ‘कळसूबाई’ आणि ‘लोणार लेक’.

नावात ‘ऑफ’ आलं की बहुधा ‘द’ येतो. ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, पण ‘मुंबई युनिव्हर्सिटी’. ‘द गेटवे ऑफ इंडिया’ही त्यातलंच. देशाच्या नावात ‘स्टेट्स’ किंवा ‘किंग्डम’ असा शब्द असेल तरी ‘द’ लागतो. ‘द युनायटेड स्टेट्स’, ‘द युनायटेड किंग्डम’.

जुन्या इंग्रजी लेखनात भूप्रदेशांनाही ‘द’ लावलेला दिसतो. ‘द डेक्कन’, ‘द कोकण’, ‘द पंजाब’. त्यातून कधी राजकारणही होतं. सोव्हिएत काळात इंग्रजीत ‘द युक्रेन’ म्हणण्याची पद्धत होती. १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर नुसतं ‘युक्रेन’ म्हणावं, असा युक्रेनचा आग्रह राहिला. ‘द’मुळे सार्वभौम देशाऐवजी एखाद्या मोठ्या राज्याचा प्रांत असल्यासारखं वाटतं, असा आक्षेप होता.

एका शब्दाने खरंच एवढा फरक पडतो?

रोजच्या बोलण्यातही पडतो. ‘शी हॅज अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे तिला चार-दोन मैत्रिणी आहेत. ‘शी हॅज फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे तिला मैत्रिणी जवळपास नाहीतच. ब्रिटिश इंग्रजीत ‘ही इज इन हॉस्पिटल’ म्हणजे तो रुग्ण म्हणून दाखल आहे. ‘ही इज इन द हॉस्पिटल’ म्हणजे तो त्या इमारतीत आहे, कदाचित डबा द्यायला गेला असेल. अमेरिकन इंग्रजी मात्र दोन्हीकडे ‘द’ लावते.

जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांनी म्हटलेलं वाक्य जगभर गाजलं. हे एका माणसाचं छोटं पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप आहे, असा त्याचा आशय. पण ध्वनिमुद्रणात ‘मॅन’च्या आधीचा ‘अ’ ऐकू येत नाही. ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस, तर नुसतं ‘मॅन’ म्हणजे अख्खी मानवजात. त्यामुळे जसं ऐकू येतं तसं घेतलं, तर वाक्याच्या दोन्ही भागांत मानवजातच येते आणि अर्थ बिघडतो. आपल्याला ‘अ मॅन’च म्हणायचं होतं, असं आर्मस्ट्राँग यांनी नंतर सांगितलं. तो ‘अ’ उच्चारला गेला होता का, यावर पुढे अभ्यासकांनी ध्वनीची तपासणीही केली.

याहून गंभीर उदाहरण संयुक्त राष्ट्रांचं आहे. जून १९६७ मधल्या सहा दिवसांच्या युद्धानंतर, २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला. इस्रायलने नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात म्हटलं होतं. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. म्हणजे सगळे प्रदेश असा त्याचा अर्थ होत नाही, अशी बाजू इस्रायलने मांडली. अरब देशांनी फ्रेंच मसुद्याकडे बोट दाखवलं, कारण तिथे ‘ते प्रदेश’ असा अर्थ निघणारी शब्दरचना आहे. युद्धाने भूभाग मिळवणं मान्य नाही, हे त्याच ठरावात लिहिलेलं आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. हा वाद अनेक दशकं चालू राहिला.

घरभाड्याच्या करारातही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘द डिपॉझिट’ परत मिळेल असं लिहिलं असेल, तर वर नमूद केलेली ठरलेली रक्कम असा त्याचा अर्थ होतो. ‘अ डिपॉझिट’ लिहिलं, की कुठली आणि किती, हा प्रश्न उघडा राहतो.

एका बातमीवर हे करून पाहू

समजा, गावातली एक बातमी इंग्रजीत सांगायची आहे. ‘काल गावात बिबट्या शिरला. बिबट्याने शेळी मारली. वनविभागाचे अधिकारी आले, पण तोवर बिबट्या उसाच्या फडात पळाला होता.’

मराठीत एकदाही ‘एक’ किंवा ‘तो’ म्हणावं लागलं नाही. इंग्रजीत मात्र असं होईल. ‘अ लेपर्ड एंटर्ड द व्हिलेज यस्टरडे. द लेपर्ड किल्ड अ गोट. ऑफिसर्स फ्रॉम द फॉरेस्ट डिपार्टमेंट केम, बट द लेपर्ड हॅड रन इंटू अ शुगरकेन फील्ड.’

बिबट्या पहिल्यांदा आला तेव्हा अनोळखी, म्हणून ‘अ’. नंतर ओळखीचा, म्हणून ‘द’. गाव कुठलं, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून ‘द’. शेळी कुणाची, हे त्याला माहीत नाही, म्हणून ‘अ’. अधिकारी अनेक आणि अनोळखी, म्हणून काहीच नाही. वनविभाग ठरलेला, म्हणून ‘द’. फड कुठला, हे माहीत नाही, म्हणून पुन्हा ‘अ’. बिबट्या अजून त्याच फडात आहे असं पुढच्या वाक्यात सांगायचं झालं, तर तो ‘द फील्ड’ होईल.

सरावासाठी काय करता येईल?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. तरीही हा घोळ दहावीनंतरही सुटत नाही, याचं एक कारण म्हणजे नियम सुटे सुटे पाठ केले जातात. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पेपरमध्ये रिकाम्या जागा आणि वाक्यातली चूक ओळखण्याच्या प्रश्नांत आर्टिकल्स नेहमी भेटतात. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेत लेखनाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग व्याकरणाची विविधता आणि अचूकता यांवर अवलंबून असतो.

इंग्रजी वर्तमानपत्र वाचून सराव करणाऱ्यांनी मथळ्यांवर विसंबू नये. जागा वाचवण्यासाठी मथळ्यांतून ‘अ’ आणि ‘द’ गाळलेले असतात. त्याऐवजी बातमीचा पहिला परिच्छेद घ्यावा. त्यातली सगळी आर्टिकल्स झाकून स्वतः भरावीत आणि मग ताडून पाहावं. जिथे चुकलं, तिथे नियम शोधण्याआधी एवढंच विचारावं, की ही गोष्ट कुठली, हे वाचणाऱ्याला इथपर्यंत कळलं होतं का? ‘सून’ आणि ‘सुनेला’ यातला फरक ज्याला कळतो, त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येतं.